दूरची नदी आणि वस्तीची टाकी

नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटरांची वाट चालून इंदूरास येते. १९७८ साली ते प्रथम आले. छत्रीबागेत नळ सुटतो तेव्हा ते पाणी आधीच वस्तीच्या टाकीत भरून ठेवलेले असते. प्रत्येक घराने थेट नदीवरून नळी आणावयाची म्हटली, तर कोणाचीच घागर भरणार नाही. इंटरनेटची अडचण हीच व उपायही हाच.

समजा, एका दूरच्या संगणकावर ठेवलेला पाठ लाखो विद्यार्थ्यांनी एकाच वेळी मागितला. मग तो संगणक व तेथवरची वाट, दोन्ही तुंबतात. म्हणून त्या पाठाच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील संगणकांवर ठेवतात व मागणाऱ्यास जवळची प्रत देतात. या व्यवस्थेस ‘कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क’ म्हणतात. आपण तिला वितरण-जाळे म्हणू. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील प्राध्यापक टॉम लेटन व त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी १९९८ साली याच कल्पनेवर ‘अकामाई’ ही कंपनी स्थापिली. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना पाहताना हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी दर्शक होते. असा भार जाळ्यावाचून पेलत नाही.

मात्र टाकीत सर्वच साठवता येत नाही. चित्रित पाठ सर्वांस एकच असतो, म्हणून तो जवळ ठेवता येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज ज्याचा त्याचा निराळा. तो मूळ संगणकापर्यंत गेलाच पाहिजे. शेवटच्या दिवशी अर्ज अडतात, त्याचे हे एक कारण होय. म्हणून आम्ही शिक्षक पालकांस सांगतो की, अर्ज चार दिवस आधी भरावा.

आता या जाळ्यापुढे नवे काम उभे आहे. दुकानातील कॅमेरा, विजेचा मीटर, मनगटावरील घड्याळ या वस्तूही इंटरनेटशी जोडल्या जात आहेत. माणूस बहुधा मागतो. या वस्तू बहुधा पाठवतात, आणि तेही अहोरात्र. म्हणजे प्रवाह उलटा झाला. यास्तव जवळच्या संगणकानेच निवड करून आवश्यक तेवढेच पुढे धाडावे, अशी तजवीज करावी लागते. शिवाय या वस्तूंच्या आज्ञावलीत दुरुस्ती करावयाची झाल्यास ती लाखो ठिकाणी पोहोचली पाहिजे. ती सर्वत्र एकदम सोडली, तर क्रिकेटच्या सामन्याइतकीच गर्दी होते. म्हणून ती टप्प्याटप्प्याने सोडतात.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या ‘डाइन’ या अमेरिकन कंपनीवर खोट्या मागण्यांचा लोंढा आला व ट्विटरसारखी मोठी संकेतस्थळे काही तास अनेकांस उघडेनात. तो लोंढा बहुतांशी घरोघरच्या कॅमेऱ्यांतून व तत्सम यंत्रांतूनच निघाला होता. कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी बदललेच नव्हते. दुष्टांनी त्याच किल्ल्यांनी यंत्रे ताब्यात घेतली. मालकांस त्याचा पत्ताही नव्हता.

जाळी विस्तारणे हे कंपन्यांचे काम आहे. परंतु दाराशी कॅमेरा बसवताच त्याचा पासवर्ड बदलणे, दुरुस्ती आली की ती करून घेणे, आणि पुढे दुरुस्ती देत राहील अशाच उत्पादकाची वस्तू घेणे, एवढे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. टाकी सर्वांची आहे. आपल्या नळातून तिच्यात घाण जाऊ न देणे हा शेजारधर्मच होय. न्यासाच्या या महोत्सवी वर्षी आपण सर्वांनी एवढे अवश्य करावे, अशी आमची विनंती आहे.