‘कमी-जास्त’ या समासाचा विग्रह : घरगुती दिव्यांच्या दोषनिदानाविषयी

घरातील दिवा मंदावला अथवा लुकलुकू लागला, म्हणजे त्याच्या दोषाचे पहिले निदान उपकरणाने नव्हे, तर शब्दांनी होते. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी ग्राहक लाइनमनला जे वाक्य सांगतो, त्यावरूनच शोध घरातील बटणापासून सुरू करावयाचा, मीटरपासून, खांबापासून की गावात ज्याला ‘डीपी’ म्हणतात त्या रोहित्रापासून, हे ठरते. यास्तव तक्रारीची भाषा हा केवळ बोलींच्या अभ्यासकाच्या कुतूहलाचा विषय नव्हे.

या भाषेतील बरीचशी क्रियापदे तेलाच्या दिव्याकडून आलेली आहेत. समई तेल संपत आले की मंदावते, चिमणी मिणमिणते, वाऱ्याने ज्योत फडफडते. विजेचा दिवा आल्यावर शब्द तेच राहिले. कारणे मात्र बदलली. ‘मंदावणे’ हे विद्युत्दाब उतरल्याचे लक्षण ठरले आणि ‘लुकलुकणे’ हे बहुधा सैल जोडाचे. तारेच्या बल्बाच्या काळात पहिले लक्षण फार विश्वसनीय होते. कारण दाब १० टक्क्यांनी उतरला, तर अशा बल्बाचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. आजच्या अनेक एलईडी दिव्यांतील नियंत्रक मंडल दाबातील बराच फरक सामावून घेते. दाब उतरूनही दिवा मंदावत नाही. पंखा मात्र हळू फिरतो. अर्थात् ‘दिवा मंद आहे का?’ या जुन्या प्रश्नाला आता पंख्याच्या वेगाच्या प्रश्नाची जोड द्यावी लागते.

वाक्यातील कर्त्यालाही महत्त्व आहे. ‘दिवा गेला’ या वाक्यात दोष एका दिव्यापुरता असतो. ‘लाइट गेली’, किंवा विदर्भात सर्रास ऐकू येणारे ‘लाईन गेली’, या वाक्यात तो पुरवठ्याचा असतो. एकच दिवा लुकलुकत असेल, तर होल्डर, बटण किंवा तो दिवाच तपासावा. एका खोलीतील सर्व दिवे लुकलुकत असतील, तर त्या खोलीच्या वायरिंगचा जोड. सारे घर लुकलुकत असेल आणि शेजारी सर्व ठीक असेल, तर मीटर, मुख्य स्विच अथवा खांबावरून येणाऱ्या तारेचा जोड. मोटारपंप सुरू होतेवेळी दिवे क्षणभरच मंदावत असतील, तर कारण निराळे असते : मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते व तेवढ्यापुरता दाब उतरतो.

खरी अडचण ‘लाइट कमी-जास्त होते’ या वाक्यात आहे. ‘कमी-जास्त’ हा द्वंद्व समास असून त्याचा विग्रह दोन प्रकारे होतो. ‘कधी कमी किंवा कधी जास्त’ असा वैकल्पिक विग्रह केल्यास एकाच दिव्यात कालक्रमाने होणारा बदल सूचित होतो. त्याचे कारण सैल जोड किंवा बदलता भार असू शकते. ‘येथे कमी आणि तेथे जास्त’ असा इतरेतर विग्रह केल्यास मात्र एकाच क्षणी काही दिवे मंद व काही प्रखर असल्याचा अर्थ निघतो. हा दुसरा अर्थ धोक्याचा आहे. कारण तो न्यूट्रल तार तुटल्याचे अथवा सुटल्याचे ठळक लक्षण आहे.

रोहित्रापासून तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. फेज व न्यूट्रल यांत सुमारे २३० व्होल्ट दाब असतो, दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. न्यूट्रल शाबूत असेतोवर प्रत्येक घराला त्याचे २३० व्होल्ट मिळतात. ती तुटली की निरनिराळ्या फेजांवरील घरे परस्परांशी एकसरीत जोडली जातात. समजा, अशा दोन घरांत भाराचे प्रमाण १ : ३ आहे. तर ४०० व्होल्टची वाटणी उलट्या प्रमाणात होते : जास्त भाराच्या घराला १००, कमी भाराच्या घराला ३००. पहिल्या घरी दिवे मंदावतात. दुसऱ्या घरी ते झगझगतात, आणि थोड्याच वेळात दूरदर्शनसंच, शीतकपाट जळू शकतात, आगही लागू शकते. शिवाय तुटलेल्या जागेपुढील न्यूट्रल तारही स्पर्शास घातक होते.

पहिल्या घरातील माणूस प्रामाणिकपणे सांगतो : ‘दाब कमी आहे.’ त्याच्या दृष्टीने ते खरेच असते. परंतु ते अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे शेजाऱ्याच्या घरात असते. म्हणून तक्रार ऐकणाराने एकच प्रश्न आवर्जून विचारावा : ‘कोठे उजेड वाढलाही आहे काय?’ उत्तर होकारार्थी आल्यास घरोघरी मुख्य स्विच तत्काळ बंद करावयास सांगावे, तारांना कोणी हात लावू नये, आणि महावितरणच्या कर्मचाऱ्यास ‘लाइट कमी-जास्त होते’ असे मोघम न सांगता ‘काही घरी कमी, त्याच वेळी काही घरी जास्त’ असे सांगावे. वर्गात समासाचा विग्रह चुकला, तर गुण जातात. येथे तो चुकला, तर घर जाऊ शकते.