उणे चिन्ह कोणाचे?

वसई रोड स्थानकावर कोणालाही विचारा, अप गाडी कोणती? चर्चगेटकडे जाणारी. विरारकडे जाते ती डाऊन. आता चर्चगेट काही डोंगरावर नाही. कोणीतरी ठरवले, सर्वांनी पाळले, घोळ टळला. भौतिकशास्त्रातला चिन्ह संकेत असाच असतो.

हे मला शिक्षक असूनही उशिरा उमगले. परीक्षेत मी गणित घातले होते: विहिरीच्या काठावरून दगड सेकंदाला ८ मीटर वेगाने सरळ वर फेकला आणि २ सेकंदांनी तो पाण्यात पडला, तर पाणी किती खाली? वरची दिशा धन, असे मी शिकवलेले. गुरुत्व त्वरण १० धरले, तर फेकण्याच्या वेगाचे अधिक १६ आणि गुरुत्वाचे उणे २०. उत्तर उणे ४, म्हणजे पाणी काठाच्या ४ मीटर खाली. एका मुलीने खालची दिशा धन मानली. तिचे उणे १६, अधिक २०. उत्तर अधिक ४. मी लाल रेघ मारली.

ती एवढेच म्हणाली, "सर, पाणी तर तिथेच आहे ना?"

मी निरुत्तर झालो. दिशा कोणतीही निवडा; मात्र एकदा निवडली की मध्येच बदलू नका. फेकण्याचा वेग धन आणि गुरुत्वही धन केले, तर हीच विहीर ३६ मीटर खोल होईल!

दुसरा गैरसमज असा, की त्वरण उणे म्हणजे गाडी मंदावली. विरारची दिशा धन माना. वसईहून अप लोकल सुटते तेव्हा तिचा वेग ऋण आणि त्वरणही ऋण. तरी ती भरधाव निघते. नायगाव आले, ब्रेक लागला, की त्वरण धन होते आणि गाडी मंदावते. दोघांची चिन्हे सारखी असतील तर गती वाढते, विरुद्ध असतील तर घटते. एकटे उणे चिन्ह फक्त दिशा सांगते.

म्हणून मुलांनो, गणित सोडवण्याआधी कागदावर एक बाण काढा आणि त्याशेजारी 'धन' लिहा. पालकांनीही उत्तर पडताळण्याआधी तो बाण पाहावा.

त्या मुलीचे गुण मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर परत दिले. तेव्हापासून पेपर तपासताना मी आधी बाण शोधतो, मग उत्तर.