खेळण्यातील हेलिकॉप्टर : उड्डाण आणि निगा

बेंगळुरूच्या दक्षिणेस जे. पी. नगर ही विस्तीर्ण वसाहत आहे. तेथील एखाद्या घरी सुटीच्या दुपारी खुर्च्या भिंतीकडे सरकविल्या जातात, छताचा पंखा बंद होतो आणि एक शाळकरी मुलगा वीतभर लांबीचे हेलिकॉप्टर फरशीवर ठेवतो. हातातील नियंत्रकाची डावी कळ तो पुढे सारतो. पाती गरगरू लागतात, यंत्र किंचित उचलले जाते, एका अंगास घसरते आणि कोचाच्या पायावर आदळते. पहिल्या दिवशी बहुधा इतकेच घडते. मग प्रश्न उभा राहतो : चूक हाताची की यंत्राची?

ज्या शहरात हा मुलगा शिकत आहे, त्या शहरास हा प्रश्न नवा नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली बेंगळुरूत विमानांचा कारखाना निघाला. त्याच परंपरेतून निर्माण झालेले ‘ध्रुव’ हे हेलिकॉप्टर २० ऑगस्ट १९९२ रोजी तेथेच प्रथम आकाशात गेले. टनावारी वजनाचा ‘ध्रुव’ आणि मूठभर ग्रॅमचे खेळणे यांच्यापुढील पहिली अडचण मात्र एकच आहे. फिरत्या स्टुलावर बसून एखादे जड चाक डोक्यावर जोराने फिरविले, तर बसलेला माणूस स्टुलासह उलट दिशेने वळू लागतो. हेलिकॉप्टरची पाती एका दिशेने फिरली की त्याचे धडही असेच उलट दिशेने फिरू पाहते. हा उलटा पीळ आवरल्याखेरीज स्थिर उड्डाण संभवत नाही.

सिकॉर्स्की यांनी अमेरिकेत १९३९ साली आपले व्हीएस-३०० हे यंत्र उडविले. शेपटीवरील उभ्या लहान पंख्याने हा पीळ आवरण्याची रीत त्यांच्या यंत्रामुळे रूढ झाली. आरंभीच्या चाचण्यांत त्यांनी यंत्र तारांनी जमिनीस बांधून ठेविले होते आणि चालकाच्या जागी ते स्वतः बसले होते. नवशिक्यास यात थोडा दिलासा मिळावा. खेळण्यांत बहुधा दुसरी युक्ती असते. एकाच अक्षावर पात्यांच्या दोन जोड्या एकीवर एक बसवितात व त्या परस्परविरुद्ध फिरवितात. दोन्ही पीळ एकमेकांस खोडून काढतात. भारतीय नौदलाचे कामोव्ह-३१ हे हेलिकॉप्टर याच धाटणीचे आहे. खेळण्यात वळायचे झाल्यास एका जोडीचा वेग किंचित वाढतो व दुसरीचा तितकाच घटतो. पुढेमागे जाण्याचे काम शेपटीवरचा आडवा लहान पंखा करतो. तो शेपटी उचलतो किंवा खाली दाबतो. सर्वांत वर, दोन्ही टोकांस वजने असलेली एक दांडी फिरत असते. फिरती वस्तू आपली फिरण्याची पातळी सहजासहजी सोडत नाही. म्हणून यंत्र कलले तरी ही दांडी पात्यांचा कोन बदलून त्यास सावरते.

उंच जाणे अवघड नाही. एका जागी तरंगत राहणे अवघड आहे. नवशिका भीतीने यंत्र जमिनीलगत ठेवतो, आणि तेथेच ते अधिक डगमगते. कारण पात्यांनी खाली लोटलेली हवा फरशीवर आपटून वर उसळते. कमरेइतक्या उंचीवर ते शांत होते. कळ दाबल्यावर यंत्र क्षणभराने उत्तर देते. त्या क्षणभरात धीर न धरता कळ आणखी दाबली की झोका वाढतच जातो. शेपटी आपल्याकडे असेपर्यंत डावे-उजवे सरळ असते. नाक आपल्याकडे वळले की ते उलटते आणि सरावलेला हातही चुकतो. म्हणून पहिले काही दिवस शेपटी आपल्याकडेच ठेवावी. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा मुंबईपेक्षा विरळ आहे. तितकाच भार उचलण्यास पात्यांना तेथे थोडे अधिक वेगाने फिरावे लागते. खेळणे दमल्यासारखे वाटले तर दोष त्याचाच असेल असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यंत्र कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर चूक हाताची. कळ मोकळी सोडूनही ते एकसारखे एकाच दिशेने फिरत असेल, तर नियंत्रकावरील ट्रिमच्या बटणाने ते सुधारावे. बटण शेवटपर्यंत नेऊनही फिरणे थांबत नसेल, तर खोड यंत्रात आहे आणि सराव वाढवून ती जाणार नाही. बहुधा मधल्या दांड्यास केस किंवा सतरंजीचा दोरा गुंडाळलेला सापडतो. चिमट्याने तो काढताच यंत्र सुधारते. सर्व अंग थरथरत असेल तर दांडा वाकला आहे काय ते पाहावे. तो काचेवर घरंगळत सोडला की वाक लगेच दिसतो. पात्याचे टोक तुटले असल्यास जोडीतील दोन्ही पाती बदलावीत, नाही तर वजनाचा तोल राहत नाही. पात्यांचे स्क्रू करकचून आवळण्याचा मोह अनेकांस होतो. ती सांध्यावर सैल हलली पाहिजेत. फिरू लागताच ती आपोआप ताठ होतात. पाती कशासही अडली तर आधी डावी कळ मागे घ्यावी. फिरू न शकणारी मोटर काही क्षणांत जळते व दातेरी चाकांचे दात झडतात.

अवरक्त किरणांवर चालणारे खेळणे उन्हात गच्चीवर नेऊ नये. सूर्यप्रकाशातही तेच किरण असल्याने त्यास आज्ञा नीट कळत नाही.

बेंगळुरूत ‘चीता’ या नावाने जे हेलिकॉप्टर तयार झाले, त्याचा मूळ फ्रेंच अवतार ‘लामा’. झाँ बूले यांनी २१ जून १९७२ रोजी तो १२,४४२ मीटर उंचीवर नेला, आणि तेथे इंजिन बंद पडले. खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत ठेवून ते सुखरूप उतरले, कारण खऱ्या हेलिकॉप्टरात पात्यांचा कोन चालकाच्या हाती असतो. या खेळण्यात ती सोय नाही. मोटर थांबली की ते दगडासारखे पडते. म्हणून आवाज उतरू लागताच यंत्र खाली आणावे. उड्डाणानंतर लिथियमचा विद्युत्‌घट गार होऊ द्यावा आणि मगच भरण्यास लावावा. तो भरत असताना खोली सोडून जाऊ नये. फुगलेला घट टोचू नये, पुन्हा वापरूही नये. खेळणे महिनाभर कपाटात ठेवायचे झाल्यास घट निम्मा भरून ठेवावा. अगदी रिकामा ठेवलेला घट बहुधा कायमचा निकामी होतो.