मुस्तफा बुक्की का मारत नव्हता?

सर्वप्रथम एक विनंती. मी केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कृपया पोटात घालाव्यात. संपादिकाबाईंनी "मराठी विभागात टेक्निकल लेख एकही नाही" म्हणून मला धरलं, म्हणून हे धाडस.

गॅदरिंगला ज्यांनी लेडीज हॉस्टेलचं गेम मशीन बघितलं त्यांना आठवत असेल. शिपाईकाकांनी दिलेलं मोडकं कपाट, राइट-ऑफ झालेला पीसी, त्यावर मेम नावाचं सॉफ्टवेअर (हे १९९७ पासून जुन्या आर्केड मशीनची नक्कल करत आलंय) आणि गेम अर्थातच मुस्तफा! खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनी, १९९३. पण आमचा मामेभाऊ ज्या पार्लरमध्ये रुपयाची नाणी उडवायचा तिथे त्या खऱ्या नावाने विचारलं असतं तर मालकाने बाहेरच काढलं असतं.

पैसे कमी होते. म्हणून पहिल्या खेळाडूची बटणं लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या यूएसबी बोर्डावर जोडली आणि दुसऱ्याची भंगारातल्या कीबोर्डच्या सर्किटवर. सोल्डरिंग सगळं माझ्या रूममेटने केलं. वायरिंगचा नकाशा माझा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी सोपे बिघाड. आर्केडच्या बटणाखाली मायक्रोस्विच असतो, त्याला तीन पाय: कॉम, एनओ, एनसी. वायर कॉम आणि एनओलाच लावायची. एनसीला लावली तर सगळं उलटं होतं, न दाबता बटण चालू आणि दाबलं की बंद. आमचा एक मुस्तफा सुरुवातीपासून नुसत्या उड्याच मारत होता, तो यामुळे. तपासायचं असेल तर यूएसबीची पिन काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि दोन पायांना टोकं लावा. दाबल्यावर बीप, सोडल्यावर शांत, म्हणजे स्विच ठीक.

दुसरं, एकाच वेळी तीन-चार बटणं मेली तर प्रत्येक बटण उघडत बसू नका. ग्राउंडची वायर एका बटणावरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी जाते. माळ मध्ये तुटली की पुढचे सगळे मणी गेले. शेवटचं जिवंत बटण आणि पहिलं मेलेलं बटण यांच्या मधला तुकडा बघा. आमचा क्लिप नीट न दाबल्यामुळे सुटला होता.

आता खरी गंमत. गॅदरिंगच्या आदल्या रात्री दुसऱ्या खेळाडूची बुक्की बसेना. तेही नेहमी नाही! मध्येच बसायची, मध्येच नाही. मी लगेच म्हटलं, "ड्राय सोल्डर आहे, तुझं काम कच्चं आहे." ती काही बोलली नाही. रात्री दोन वाजता तिने सहाही जॉइंट उपसून परत केले, बोटाला चटका घेतला आणि तरी बुक्की बसेना. सकाळी मेसमध्ये ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

मी एकटीच मशीनपुढे. नोटपॅड उघडलं, कारण कीबोर्डचं सर्किट म्हणजे शेवटी कीबोर्डच. बुक्की दाबली, 'ए' उमटला. शंभरदा दाबली, शंभरदा उमटला. मग जॉयस्टिक ढकलून दाबत गेले. वर, ठीक. डावीकडे, ठीक. खाली-उजवीकडे तिरकं ढकललं आणि 'ए' गायब!

त्याचं कारण असं. कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर नसते. उभ्या आणि आडव्या तारांची जाळी असते, दाबलं की एक उभी आणि एक आडवी तार जोडली जाते. जॉयस्टिक तिरकी ढकलली की दोन स्विच एकदम दाबले जातात, आमच्याकडे खाली म्हणजे 'एफ' आणि उजवीकडे म्हणजे 'जी'. हे दोन्ही आमच्या कीबोर्डात एकाच उभ्या तारेवर होते. 'एफ' आणि 'ए' एकाच आडव्या तारेवर. तिन्ही दाबले की चौकोनाचे तीन कोपरे जोडले जातात आणि करंट फिरून जाऊन चौथा कोपराही दाबल्यासारखा दिसतो. याला घोस्टिंग म्हणतात. खरं बटण कुठलं आणि भूत कुठलं हे सर्किटला कळत नाही, म्हणून बरेच कीबोर्ड अशा वेळी तिसरं बटण गिळूनच टाकतात. म्हणजे सोल्डरिंग निर्दोष होतं. अक्षरं मी निवडली होती.

उपाय दहा मिनिटांचा. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट ही बटणं इतरांबरोबर दाबायचीच असतात, म्हणून बहुतेक कीबोर्डांत त्यांची सोय वेगळी केलेली असते. बुक्की कंट्रोलवर आणि उडी ऑल्टवर हलवायची. मात्र मेममध्ये ही दोन्ही मुळात पहिल्या खेळाडूची बटणं आहेत, त्यामुळे टॅब दाबून मेनूमध्ये बदलून घ्या. नाहीतर दुसऱ्याने बुक्की मारली की पहिलाही मारतो.

पण वायर हलवायला सोल्डरिंग गन लागते आणि ती मला धरता येत नाही. कॅन्टीनमधून दोन चहा घेऊन रूमवर गेले आणि नोटपॅडचा सगळा प्रकार सांगितला. ती म्हणाली, "चहा ठेव. आणि नकाशा मला दे, आता मी काढते." चटक्यावर बर्नॉल लावून तिने दोन्ही वायर हलवल्या.

दुपारी रेक्टर मॅडम स्वतः खेळायला उभ्या राहिल्या आणि तिरकं चालत जाऊन बुक्की मारली. बसली.

नाण्याच्या जागी आम्ही दारावरच्या बेलचं बटण लावलं आहे. त्याच्या पट्ट्या दाबताना थरथरतात, त्यामुळे एकदा दाबलं तरी कधी कधी दोन क्रेडिट पडतात. ते अजून दुरुस्त केलेलं नाही. कुणाची तक्रार आलेली नाही.