नेपरव्हिलचा 'डीपी' कोण मंजूर करतं?



नेपरव्हिलमध्ये घर घेताना आपण बहुतेक जण तीनच गोष्टी बघतो: शाळा २०३ मधली की २०४ मधली, मेट्रा स्टेशन किती लांब आणि प्रॉपर्टी टॅक्स किती. घरामागची मोकळी जागा कुणाची आणि उद्या तिथे काय उभं राहणार, हे फारसं कुणी विचारत नाही. मग एक दिवस तिथे 'पब्लिक हिअरिंग'ची पाटी लागते आणि सगळ्यांची धावपळ सुरू होते. म्हणून म्हटलं, या विषयावर जरा सविस्तर लिहावं.

आधी थोडे आकडे बघू. १९६० साली या गावाची वस्ती जेमतेम १३ हजार होती. १९८० ला ती ४२ हजार झाली, १९९० ला ८५ हजार, २००० ला १ लाख २८ हजार, आणि २०२० च्या जनगणनेत १ लाख ४९ हजार. म्हणजे १९८० ते २००० या वीस वर्षांत गाव तिप्पट झालं. १९५८ मध्ये टोलवे आला, १९६६ मध्ये बेल लॅब्ज आली, पाठोपाठ इतर कंपन्या आल्या, आणि मक्याच्या शेतांच्या सबडिव्हिजन झाल्या. या वेगाने वाढलेलं आपल्याकडचं गाव डोळ्यांसमोर आणा: आधी सोसायट्या, मग पाण्याचे टँकर आणि सगळ्यात शेवटी रस्ता. इथे तसं फारसं झालं नाही. का?

आपल्याकडे १९६६ चा एमआरटीपी कायदा आहे. महापालिका विकास आराखडा करते, शाळा-बागांसाठी आरक्षणं टाकते, हरकती-सूचना ऐकते, पण शेवटची सही राज्य सरकारची. पुण्याच्या जुन्या हद्दीचा डीपी तर २०१५ मध्ये सरकारने महापालिकेकडून काढूनच घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. शिवाय आरक्षण म्हणजे नकाशावरचा रंग. जागा विकत घ्यायला पालिकेकडे पैसे नसतात. १० वर्षं गेली की जमीनमालक नोटीस देतो, आणि मुदतीत जागा ताब्यात घेतली नाही तर आरक्षण रद्द होतं. बाग नकाशावरच राहते.

इलिनॉयमध्ये उलटा प्रकार. १९७० च्या राज्यघटनेने २५ हजारांवर वस्ती असलेल्या गावांना 'होम रूल' दिला. नेपरव्हिलच्या आराखड्यावर स्प्रिंगफील्डची मंजुरी लागत नाही. २०२२ चा लँड यूज मास्टर प्लॅन आपल्याच सिटी कौन्सिलने मंजूर केला. गावाच्या हद्दीबाहेर दीड मैलापर्यंत कुणाच्या हद्दीत नसलेल्या जमिनीचा विचार आराखड्यात करायची मुभासुद्धा राज्याचा कायदा देतो.

पण खरी गंमत जमिनीची आहे. १९७२ मध्ये नेपरव्हिलने ठरवलं की जो डेव्हलपर प्लॉट पाडेल, त्याने येणाऱ्या वस्तीच्या हिशोबाने शाळा आणि बागेसाठी जमीन द्यायची, नाहीतर तेवढे पैसे भरायचे. डेव्हलपर कोर्टात गेले. त्याआधी १९६१ मध्ये माउंट प्रॉस्पेक्ट गावाची अशीच अट इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती. दर ६० घरांमागे एक एकर मागताना, ही गरज नेमकी या नव्या घरांमुळेच निर्माण झाली हे गावाला दाखवता आलं नव्हतं. नेपरव्हिलने मात्र किती बेडरूमच्या घरात किती मुलं असतात, इथपर्यंत हिशोब मांडला होता. १९७७ मध्ये 'क्रुघॉफ विरुद्ध नेपरव्हिल' या खटल्यात गाव जिंकलं. आज आपली मुलं ज्या बागांमध्ये खेळतात, त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी हा निकाल आहे.

जमीन वेळेवर हातात नसली तर काय होतं, तेही इथेच बघायला मिळालं. २०४ ला तिसरं हायस्कूल हवं होतं आणि २००६ मध्ये मतदारांनी त्याला पैसे मंजूर केले. ठरलेली ब्रॅख-ब्रोडीची जागा सक्तीने संपादन करायला गेल्यावर २००७ मध्ये ज्युरीने एकरी ५ लाख डॉलरच्या वर भाव ठरवला. डिस्ट्रिक्टने ती जागा सोडली आणि शेवटी मेटिया व्हॅली दुसरीकडे, ऑरोरात उभं राहिलं, २००९ मध्ये. सांगायचा मुद्दा हा, की मक्याच्या शेताचा भाव आणि भोवती घरं झाल्यावरचा भाव, यातला फरक शेवटी टॅक्स भरणाऱ्याच्या खिशातून जातो.

मग राज्याचं काम काय? हुकूम सोडायचा नाही, हात द्यायचा. नेपरव्हिलसारख्या श्रीमंत गावाला स्वतःचे प्लॅनर ठेवता येतात. पण विल किंवा केंडल काउंटीतल्या एखाद्या लहान गावात डेव्हलपर पाचशे घरांचा नकाशा घेऊन आला, तर समोर बसणार कोण? २००२ मध्ये राज्याने लोकल प्लॅनिंग टेक्निकल असिस्टन्स कायदा केला तो याचसाठी. चांगल्या आराखड्यात घरं, रस्ते, निसर्ग, सार्वजनिक सोयी आणि लोकसहभाग असावा हे त्यात सांगितलं आहे, आणि आराखडे करणाऱ्या गावांना मदतीची सोय आहे. सक्ती नाही. पण अशी मदत शेवटी विधिमंडळ बजेटमध्ये किती पैसे ठेवतं त्यावर चालते, आणि इलिनॉयचं बजेट कसं असतं ते वेगळं सांगायला नको! २००५ मध्ये राज्याने शिकागो परिसरातल्या सात काउंट्यांसाठी 'सीमॅप' ही संस्था स्थापन केली. २०१० चा 'गो टू २०४०' आराखडा झाल्यावर सीमॅपने लहान गावांना प्लॅनर पुरवायला सुरुवात केली. माझ्या मते हे या राज्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

आता दुसरी बाजू. गावाच्या हातात सगळं दिलं की गाव दारही लावून घेऊ शकतं. म्हणून २००३ च्या कायद्याने राज्याने सांगितलं, की जिथे १० टक्क्यांहून कमी घरं परवडणारी आहेत, त्या गावांनी त्यासाठी योजना करावी. २०१८ च्या यादीत नेपरव्हिल होतं! टाउनहोम्स आले की 'शाळेत गर्दी होईल, किमती पडतील' असं आपणही म्हणतो. पण आई-बाबांना जवळ लहानसं घर हवं असतं, मुलीला पहिल्या नोकरीत इथेच राहायचं असतं, तेव्हा तेच टाउनहोम शोधत आपण प्लेनफील्ड-ऑस्वेगोपर्यंत जातो. दोन्ही एकदम कसं जमणार?

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. 'आपल्याला कुठे मत आहे, अजून ग्रीन कार्डच आलं नाही' हे नेहमी ऐकू येतं. पण मत देणं वेगळं आणि बोलणं वेगळं. इलिनॉयच्या ओपन मीटिंग्ज कायद्यात २०११ पासून स्पष्ट लिहिलंय की सार्वजनिक बैठकीत 'कुणाही व्यक्तीला' बोलायची संधी द्यायची. 'नागरिकाला' असं म्हटलेलं नाही. झोनिंगच्या हिअरिंगची नोटीसही आधी जाहीर करावी लागते. राज्याच्या नगरपालिका कायद्यात १५ ते ३० दिवसांची मुदत आहे. प्लॅनिंग अँड झोनिंग कमिशनसमोर तीन मिनिटं बोलायला व्हिसा लागत नाही.

पुण्यात डीपीवर हरकत नोंदवायला रांगेत उभे राहिलेले आपलेच काका-मामा आपण पाहिलेत. इथे रांगही नाही. फक्त पाटी लागल्यावर ती वाचायची आणि त्या संध्याकाळी जायचं. विरोध करायलाच जावं असं नाही, चांगल्या योजनेच्या बाजूने बोलणारेही तिथे लागतात, आणि ते फार कमी असतात.

असो, फार लांबलं. ज्यांचे अनुभव वेगळे असतील त्यांनी जरूर लिहावं.