जाड बार घातला की गाडी रस्त्याला चिकटते?

मेसमध्ये गाड्यांचा विषय निघाला की तो हॉर्सपॉवरवरच येऊन थांबतो. टर्बो, एक्झॉस्ट, आवाज! वळणावर गाडी कशी वागते हे कुणी विचारत नाही. मला मात्र त्यातच जास्त रस, म्हणून हा प्रपंच.

उदाहरणाला माझदाची मियाटा घेऊ. १९८९ साली आलेली, दोन सीटची, १.६ लिटर इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह. ताकद बेताचीच, पण वळणावर मजा देणारी म्हणून तिचं नाव झालं. हौशी मंडळी तिला बाहेरचे पार्ट्स लावतात, त्यात जाड अँटी-रोल बार हमखास असतो.

हा बार म्हणजे डावं-उजवं सस्पेन्शन जोडणारी स्टीलची दांडी. वळणावर गाडी कलली की ती पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते. आता सेकंड इयरचं टॉर्शन आठवा (केटी लागली असली तरी चालेल). भरीव दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे १९ मिमीऐवजी २२ मिमीचा बार घातला, तर ताठपणा जवळजवळ १.८ पट!

पण गोम अशी की बार पकड निर्माण करत नाही, पुढच्या-मागच्या चाकांत तिची वाटणी बदलतो. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. पुढचा बार जाड केला की वळणावर पुढचं बाहेरचं चाक जास्त दबतं, आतलं हलकं होतं आणि दोघांची मिळून पकड घटते. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. मागचा जाड केला तर उलट, शेपूट सुटते. कोरड्या ट्रॅकवर ठीक, पावसाळी घाटात जिवाशी खेळ.

म्हणून माझ्या मते आधी चांगले टायर, मग अलाइनमेंट. मियाटाचा कँबर पुढे-मागे दोन्हीकडे बदलता येतो, नवा पार्टही लागत नाही. नंतर स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर, तेही जोडीनेच. नुसती स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्यांना तर हात जोडावेत! उरलेली स्प्रिंग ताठ होते, शॉकअब्सॉर्बर जुनाच, आणि खड्ड्यात सस्पेन्शन थेट रबरी स्टॉपवर आपटतं.

बार सगळ्यात शेवटी, आणि घ्यायचाच तर अ‍ॅडजस्टेबल. त्याच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात. लिंक आतल्या भोकात लावली की बार ताठ, बाहेरच्या भोकात मऊ. एका वेळी एकच बदल करायचा, टायरमधली हवा तेवढीच ठेवायची, आणि फरक वहीत लिहायचा.