संगणकचित्रातील दिवा खरा कसा भासतो?

शाळेची नियोजित इमारत किंवा गावातील नवे वाचनालय आतून कसे दिसेल, याची चित्रे आता बांधकामापूर्वीच संगणकावर तयार करता येतात. अशा चित्रातील छताचा दिवा पुष्कळदा पांढरा रंग फासलेल्या गोळ्यासारखा दिसतो. काही वेळा याच्या उलट घडते. चित्र मोहक असते, परंतु त्यातील उजेड खोटा असतो. त्यावर विसंबून निर्णय घेतल्यास मुलांना अंधुक वर्गात बसावे लागते. म्हणून यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

पडद्याची मर्यादा

पेटलेल्या दिव्याकडे पाहताच डोळे दिपतात. संगणकाचा पडदा तितका प्रखर होऊ शकत नाही. त्यामुळे दिव्याचे चित्र केवळ अधिक पांढरे करून काही साधत नाही. दिवा पेटलेला आहे हे डोळ्यांना पटते ते भोवतालावरून : भिंतीवर ओसरत गेलेला उजेड, टेबलाखालची सावली आणि तांब्याच्या कडेवरची चकाकी यांवरून.

प्रकाशाचा हिशेब

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ मध्ये एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर पसरणाऱ्या प्रकाशाचे गणित संगणकचित्रांसाठी मांडले. तांबड्या भिंतीशेजारची पांढरी भिंत किंचित तांबूस का दिसते, हे त्यामुळे चित्रात उतरले. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या अशा सर्व परावर्तनांना एका समीकरणात बसविले.

या गणिताला माहिती मात्र खरी पुरवावी लागते. वॉट हे विजेच्या खर्चाचे माप आहे. प्रकाशाचे माप ल्युमेन होय. तंतूचा ६० वॉटचा जुना दिवा आणि सुमारे ९ वॉटचा एलईडी दिवा हे दोन्ही साधारण ८०० ल्युमेन प्रकाश देतात. हा प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो असे धरल्यास एक मीटरवर सुमारे ६४ लक्स उजेड सरळ पडतो, तर दोन मीटरवर केवळ १६. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो.

रंगाचेही तसेच आहे. लोहाराच्या भट्टीतील लोखंड प्रथम लाल, मग पिवळे आणि अखेर पांढरे दिसते. तंतूच्या दिव्याचा पिवळसर प्रकाश सुमारे २७०० केल्विन, तर भर दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्विन मानले जाते.

काच आणि वलय

काचेच्या फुग्यातून वाकून जाणाऱ्या किरणांचा माग काढणे संगणकाला जड जाते व चित्रात दाणेदार ठिपके उमटतात. म्हणून पुष्कळदा काच केवळ दिसण्यापुरती ठेवून प्रकाश तिच्यातून सरळ जाऊ दिला जातो. दिव्याभोवती हलके वलय दाखविल्यास तो प्रखर भासतो, कारण डोळ्यातही प्रकाश थोडा विखुरतो. वलयाचा अतिरेक मात्र टाळावा.

पाहणाऱ्याची दक्षता

छायाचित्राप्रमाणेच संगणकचित्रही हवे तितके उजळ करता येते. अंधारी खोलीही त्यात लख्ख दिसते. यास्तव चित्र मान्य करण्यापूर्वी दिवे किती, प्रत्येकाचे ल्युमेन किती आणि ते किती उंचीवर, हे तीन प्रश्न ग्रामस्थांनी व अधिकाऱ्यांनी अवश्य विचारावेत. 'ब्लेंडर' ही संगणक-आज्ञावली विनामूल्य मिळते. तिच्या साह्याने शिक्षकांना आपल्याच वर्गाचे चित्र विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल आणि ते प्रत्यक्ष वर्गाशी ताडून पाहता येईल. खऱ्या उजेडाची पारख त्यातूनच होईल.